ओट्याखालची गाठ

दारात तो उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, हातात लोखंडी पेटी, पापण्यांवरून पाणी गळतंय... मी दार लावून घेणार होते. खोटं कशाला बोलू? हात उठलाही होता.

त्याच्यामागून अम्म तलबा डोकावला. आमच्या इमारतीचा पहारेकरी; बिनलग्नाच्या मुलीला 'आनिसा' म्हणायची आमची रीत तो कधी चुकवत नाही. "घ्या आनिसा रबाब, आणला एकदाचा! समुद्राकडून दरवर्षीचं ते झाडू वादळ आलंय, सगळं झाडून नेणारं, तळमजले भरलेत, अख्ख्या मुहर्रम बे वस्तीत आज एक प्लंबर मोकळा नाही. हा एकटाच मिळाला."

एकटाच मोकळा. का मोकळा, ते मला ठाऊक होतं. माझ्यामुळे.

त्यानं मान वर केली. मला ओळखलं. भिजलेल्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही उतरला.

"आनिसा... तुमचं घर आहे हे मला सांगितलं नाही कुणी. मी जातो."

"उस्ता हिशमत — थांबा."

थांबा म्हणाले, कारण स्वयंपाकघरातलं पाणी तोवर माझ्या टाचांना लागलं होतं. त्यात शेपूच्या काड्या, भाताची शितं, तुपाचे डोळे. मी घरून द्राक्षाच्या पानांच्या भरलेल्या सुरळ्या विकते. दिवसाला दहा-बारा ताटं. तेच सगळं सिंकच्या नरड्यात अडकलं होतं.

त्यानं पाण्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, पटकन नजर बाजूला घेतली. मग खिशातून स्वतःचं फडकं काढून उंबऱ्यावर बूट पुसायला लागला. आत पूर आलेला, आणि हा माणूस बूट पुसतोय!

"आत यायच्या आधी एक बोलू?" तो खालीच बघत म्हणाला. "दोन वर्षं बोलायचं होतं. धीर झाला नाही. त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली आणि तुमचं लग्न मोडलं. मला माफ करा."

त्यानं माझी माफी मागितली. त्यानं. माझी.

"कोण आहे गं?" म्हणत आई बाहेर आली आणि त्याला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगंबाई! हा? एकदा बुडवलंस तेवढ्यानं पोट भरलं नाही होय? आता गाळ न्यायला आलास?"

"बोला हज्जा," तो म्हणाला. "तुमचा हक्क आहे."

मी काहीच बोलले नाही. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

*

आमच्याकडे घर नवऱ्याचं आणि स्वयंपाकघर नवरीचं. मुलगी दहा वर्षांची झाली की आई पलंगाखाली खोकी जमवायला लागते. पातेली, चादरी, काचेचे पेले. लग्नाच्या आठवडाभर आधी ते सगळं नव्या घरात मांडायचं आणि बायांना बघायला बोलवायचं. त्या दिवसाला फर्श म्हणतात. बाया येतात, सरबत पितात, तोंडानं आनंदाचं 'लूलूलू' करतात आणि डोळ्यांनी शिवणीतले टाके मोजतात.

मुदहतच्या घरात, म्हणजे ज्याच्याशी माझं ठरलं होतं त्याच्या घरात, स्वयंपाकघरातून सांडपाण्याला एकच वाट होती. सिंक, वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर, तिघांचं पाणी त्या एका पाइपात सोडायचं काम हिशमतनं केलं. दोन्ही मशीनच्या राखाडी नळ्या त्यानं ओट्याच्या दगडाला टेकेपर्यंत वर नेल्या, तिथं खिळ्याला जुन्या सुती चिंधीनं बांधल्या आणि मग खाली आणून पाइपाला जोडल्या.

"आनिसा, नळ्यांना ही कमान हवीच," जाताना त्यानं बजावलं होतं. "खाली लोळल्या तर सिंकमधलं घाण पाणी उलटं मशीनमध्ये शिरेल. गाठीला हात लावू नका."

मी हात लावला.

का, विचारा. पडद्यासाठी! ओट्याखाली मी गुलाबी झालरीचा पडदा शिवला होता आणि नळ्यांच्या कमानीमुळे त्याला पोट यायचं. शिवाय ती कळकट चिंधी. फोटो काढायचे होते, सासूच्या बहिणी येणार होत्या. फर्शच्या दिवशी सकाळी मी गाठ सोडली, नळ्या जमिनीवर सपाट लोळवल्या, चिंधी कचऱ्यात टाकली. झालर सरळ पडली. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दुपारी चाळीस बाया. माझी मावशी, खाला कौसर, ठसक्यात म्हणाली, "नुसतं काय दाखवायचं? चालवून दाखवू! आमच्या मुलीचा संसार बोलका आहे!" तिनं दोन्ही मशीन चालू केली. सिंकमध्ये सरबताच्या आणि सामोशांच्या पराती बुडत होत्या, त्याचं बूच काढलं. आणि आतले बिलोरी पेले दाखवायला डिशवॉशरचं दार सपकन उघडलं.

आतून पाणी आलं. काळं, तेलकट, सामोशाचे तुकडे तरंगणारं. नव्या गालिच्यावर, चाळीस बायांच्या पायांवर, माझ्या होणाऱ्या सासूच्या पांढऱ्या बुटांवर.

हिशमत खाली जिन्याशी कारागिरांसाठी ठेवलेलं सरबत पीत बसला होता. मुदहतनं त्याला गळपट्टी धरून वर आणला आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. एक. मग दुसरी. कुणी हात धरला नाही. कारागिराचा गाल म्हणजे रस्त्याकडेची भिंत, ज्यानं त्यानं हात पुसावा!

तो गुडघ्यांवर बसला, झालर उचलून आत बघितलं. नळ्या जमिनीवर. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग सर्वांत जवळ मी होते म्हणून माझ्याकडे वळला.

"आनिसा, तुम्ही बघितलं होतंत. मी बांधल्या होत्या ना?"

मी म्हणाले, "मला काय माहीत?"

तीन शब्द. दोन वर्षं झाली, भाकरी मोडताना, केस विंचरताना, अजून ते माझ्याच आवाजात मला ऐकू येतात.

घर सुकेपर्यंत लग्न पुढं ढकललं आणि पुढच्या तीन आठवड्यांत मीच ते मोडलं. मुदहत समोर जेवायला बसला की मला त्याचा तो हातच दिसायचा. उद्या तो कुणाच्या गालावर पडेल हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण लोकांना काय सांगितलं? जे सगळे सांगतात तेच. किस्मत आणि नशीब! लोकांनी त्याचा अर्थ आपापला लावला. प्लंबरमुळे अपशकुन झाला, प्लंबरमुळे मुलीचं लग्न गेलं. नव्या नवरीच्या स्वयंपाकघरात त्याला कुणी पाय ठेवू देईना. प्लंबरला खरं काम तिथंच असतं. गल्लीत त्याला 'उस्ता पूर' म्हणायला लागले.

आणि मी सुरळ्या वळत बसले.

*

त्यानं तारेच्या गुंडाळीनं सिंक मोकळं केलं. पाणी गडगडत गेलं. मग ओट्याखाली वाकून बघितलं. माझ्या मोडलेल्या लग्नातून परत आलेली दोन्ही मशीन तिथं उभी होती. त्यांच्या नळ्या आम्ही वरून सिंकमध्येच सोडल्या होत्या. एक मशीन चालू केलं की सिंक अडायचं, सिंक वापरायचं तर मशीन बंद.

"हे जोडून घ्या कुणाकडून तरी," तो म्हणाला.

"कुणाकडून तरी म्हणजे? तुम्ही आहात की."

"एका पाइपात तिघं... मी नाही करत आता ते काम."

"करत नाही का येत नाही?" आई पलीकडून ओरडली.

त्यानं तारेची गुंडाळी पेटीत ठेवली. "सिंकचं वेगळं, मशीनचं वेगळं, असं असेल तर करतो."

"भिंत फोडायला खालचे शेजारी तयार नाहीत. वाट एकच आहे," मी म्हणाले. "तुम्हीच जोडा."

"आनिसा, मी कोण आहे ते विसरलात का?"

"नाही विसरले."

त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. तपकिरी डोळे, त्यात इतकं आश्चर्य... आणि मग थोडासा आनंद. मला तो आनंद बघवेना. ज्याला मी बुडवलं तो मला देवदूत समजत होता.

तो रोज दुपारी यायला लागला. खिडकीच्या काचेवर पावसाच्या रेघा, आत शेपू-पुदिन्याचा वास, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याचे लांब पाय. बाकीचा तो ओट्याखाली. मी दिवा धरायची. माझी नजर जिकडे जायची तिकडेच हातातला दिवाही जायचा.

"आनिसा," ओट्याखालून आवाज आला, "दिवा पाइपवर धरा. माझ्या तोंडात गळती नाहीये."

"कुणास ठाऊक. उघडतच नाही ते, तपासणार कसं?"

मग ओट्याखालून हसू आलं. खोल, गंजलेलं, दोन वर्षं नळ न उघडल्यासारखं. मीही हसले. आणि लगेच दातांखाली जीभ धरली. तुला काय तोंड आहे गं हसायला, रबाब?

चहात तो चार चमचे साखर घ्यायचा.

"इतकी?" मी विचारलं.

"दिवसभर लोकांची घाण उपसतो. काहीतरी गोड नको?"

"मग सुरळ्या खा. आंबट आहेत, पण खा."

त्यानं एक तोंडात टाकली, डोळे मिटले. "ह्यांच्यामुळे तुमचं सिंक तुंबतं?"

"हो."

"तुंबू दे मग."

मी पातेल्याच्या वाफेत तोंड लपवलं. गाल तापले होते, पण लाजेनंच म्हणाल तर दोन लाजा होत्या. एक गोड. दुसरी तिच्यावर बसलेली, जड, तिला श्वास घेऊ न देणारी.

दुसऱ्या दिवशी त्यानं सिंकखालचा वाकडा पाइप बसवला. बाजूंना दोन तोंडं, मशीनच्या नळ्यांसाठी. "ह्या वाकात थोडं पाणी कायम साचलेलं राहतं," तो मला दाखवत म्हणाला. "लोक म्हणतात, उस्ता, हे पण काढून टाका. काढायचं नसतं. ते आटलं की गटाराचा वास थेट घरात."

"म्हणजे थोडी घाण घरात ठेवायचीच?"

"ठेवायची. पण कुठं आहे ते माहीत हवं."

मी दिवा भलतीकडे वळवला. "काय झालं?" त्यानं विचारलं. "काही नाही," म्हणाले. तीन शब्दांच्या जागी दोन. प्रगतीच म्हणायची!

*

तिसऱ्या दिवशी आई घरी नव्हती. खाला कौसरच्या मुलीचं, शाहिनाज़चं, फर्श गुरुवारी होतं आणि दोघी बहिणी तिकडे चादरींच्या घड्या घालत होत्या. अम्म तलबा अर्ध्या लोटलेल्या दाराशी जिन्यावर बसून रेडिओ ऐकत होता. आता फक्त नळ्या बांधायच्या उरल्या होत्या.

त्यानं ओट्याच्या दगडाखाली आकडा ठोकला. नळ्या वर नेल्या. गाठ बांधली. सोडली. परत बांधली. ओढून बघितली. परत सोडली.

"काय करताय?"

तो ओट्याखालीच बसून राहिला. हात मांडीवर, तळवे वर.

"हसू नका. त्या दिवसापासून असं होतं. काम करून घरी जातो आणि वाटतं, बांधली का? मग परत जातो, लोकांची दारं वाजवतो. एकदा ट्राम बंद होती तर पार सिदी गाबिरहून चालत आलो. बघितलं तर बांधलेली होती." तो बोटं बघत होता. "मला ती गाठ आठवते, आनिसा. तुमच्या त्या घरातली. चिंधी ओली होती, खिळा जरा वाकडा होता. बोटांना सगळं आठवतं. पण गाठ तर नव्हती ना तिथं... म्हणजे माझी बोटं खोटं बोलतात. आता ज्या कारागिराचा बोटांवर भरवसा नाही, त्यानं कशावर जगायचं?"

मी दिवा खाली ठेवला.

"पण हे तीन दिवस," तो हळूच म्हणाला, आणि मान वळवून माझ्याकडे बघून हसला, कोवळं, घाबरत घाबरत, "हे तीन दिवस हात थरथरले नाहीत. दिवा तुम्ही धरला होता म्हणून असेल... वेडेपणा वाटेल तुम्हाला, पण मला वाटतं, मी रोज इथं..."

"बोलू नका पुढं!"

तो दचकला.

"तुमची बोटं खरं बोलतात," मी म्हणाले. "चिंधी ओली होती. खिळा वाकडा होता. गाठ होती. मी सोडली."

खिडकीवर पाऊस वाजत होता. मला वाटलं त्याला ऐकूच आलं नाही.

"तुम्ही."

"पडद्याला पोट येत होतं... म्हणून."

"पडद्याला," तो म्हणाला.

तो उठायला गेला तर डोकं ओट्यावर आपटलं. मी हात पुढे केला, त्यानं तो बाजूला सारला. सारला तोही हळूच. त्यानं ढकललं असतं तर बरं झालं असतं. मग सिंकशी जाऊन साबणानं हात धुवायला लागला. धूत राहिला, धूत राहिला.

"गालावरचं मी त्याच रात्री विसरलो," पाठ न वळवता तो म्हणाला. "कामं गेली, तेही सोसलं. पण आनिसा, दोन वर्षं मी वेडा झालोय असं समजत होतो. माझी अम्मा माझ्यासाठी दर्ग्यात मेणबत्त्या लावत होती."

"मला माफ—"

"आज का सांगितलंत?"

"तुम्ही पुढं जे बोलणार होता... ते ऐकायचा मला हक्क नव्हता. आणि ऐकायचं होतं. खूप."

तो वळला. डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. दोन्ही खरे.

"छान. तुमचं मन मोकळं झालं. मी चाळीस जणींसमोर मार खाल्ला, आणि तुम्ही खरं सांगताय ओट्याखाली. मला एकट्याला. दार अर्धं लोटून!"

त्यानं पेटी उचलली. नळ्या तशाच लोंबत राहिल्या. जाताना उंबऱ्याशी थांबून फडक्यानं बूट पुसले, सवयीनं. ते बघून मला रडू फुटलं.

*

गुरुवारी शाहिनाज़च्या नव्या घरात त्याच बाया होत्या. तीच सरबतं, त्याच रिबिनी. ओट्याखाली निळा झालरीचा पडदा. खाला कौसर पाहुण्यांना सांगत होती, "ह्या वेळी प्लंबर पारखून आणलाय बरं! तो उस्ता पूर नाही, ज्यानं आमच्या रबाबला बुडवलं."

बाया हसल्या. मी गाण्याचं यंत्र बंद केलं.

डिशवॉशरला टेकून उभी राहिले. "त्यानं नाही बुडवलं," मी म्हणाले. आवाज चिरका आला. "नळ्या त्यानं बांधल्या होत्या. झालर सरळ पडावी म्हणून मी सोडल्या. त्यानं तुम्हा सगळ्यांसमोर मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. लग्नही त्याच्यामुळे मोडलं नाही. मुदहतचा हात बघून मी मोडलं. आता हसा. पण जिच्यावर हसायचं तिच्यावर हसा."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं की बोलल्यावर हलकं वाटेल. छे! कपडे काढून चौकात उभं केल्यासारखं वाटत होतं.

"आज?" खाला कौसर पुढं झाली. "माझ्या मुलीच्या फर्शला? घराण्याची अब्रू गटारात घालायला आजचाच दिवस मिळाला?"

"गटारात दुसऱ्याची घातली होती, खाला. ती बाहेर काढतेय."

कोपऱ्यातली एक म्हातारी एकाएकी म्हणाली, "अगं पण त्या पडद्याला पोट येतच असेल नाही तर काय!" दोघी-तिघी फिसकन हसल्या. शाहिनाज़, बिचारी नवरी, हळूच वाकून निळी झालर उचलून आत बघायला लागली. तिचीही गाठ सुटलेली होती. कुणी सोडली ते तिच्या कानांच्या रंगावरून कळलं.

आईनं माझा दंड धरला. "चपला घाल. घरी चल."

वाटेत ती माझा दंड धरूनच झपझप चालली. ट्रामच्या थांब्याजवळ मात्र थांबली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "पडदा शिव म्हणून मीच सांगितलं होतं तुला. ती चिंधी बघून तोंडही मीच वाकडं केलं होतं." मग नाक ओढून, "आणि त्या पोराला गाळ न्यायला आलास म्हणाले मी... या अल्लाह."

*

आठ दिवस गेले. तो आला नाही. मी अपेक्षाही केली नाही, असं म्हणते, पण रोज दुपारी चहाचं आधण थोडं जास्त ठेवत होते.

नवव्या दिवशी बेल वाजली. ऊन पडलं होतं. तो उंबऱ्यावर बूट पुसत होता.

"काम अर्धं राहिलं होतं," तो म्हणाला. "अर्धं काम सोडलं की मला झोप लागत नाही."

आईनं त्याला बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "बस, उस्ता. चहात चार चमचे ना?" आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडली. माझ्या आईला याहून मोठी माफी मागता येत नाही.

तो ओट्याखाली वाकला. बराच वेळ बाहेर आला नाही.

"ही गाठ कुणी बांधली?"

"मी."

"हे कापड..."

"पडदा. फाडला."

गुलाबी झालरीच्या पट्टीनं मी नळ्या वर आकड्याला बांधल्या होत्या. चार वेळा सोडून, पाचव्यांदा जमली होती.

तो फरशीवर मांडी घालून बसला. "शाहिनाज़च्या घरचं काम मला दिलं," तो म्हणाला. "आणखी दोन नव्या नवरींची आली. काल एका घरी शिरलो तर बायांनी मला बघून लूलूलू केलं. अहो, नवरदेव मागेच राहिला! लाजून मेलो मी."

मी हसले नाही. "मला माफ केलंत?"

त्यानं विचार केला. खोटं बोलला नाही, हे त्याचं मला आयुष्यभर पुरेल. "नाही. सगळं नाही अजून. सकाळी उठलो की राग येतो. दुपार झाली की तुमच्या चहाची आठवण येते. संध्याकाळी दोन्ही एकदम." तो उठला. "चालवून बघू. तिन्ही एकदम."

"तिन्ही? नको. एकेक करू."

"तिन्ही."

सिंक काठोकाठ भरलं. मशीनं घरघरायला लागली. ती पाणी सोडायच्या बेताला आली तसा त्यानं माझ्याकडे बघून बूच काढलं.

पाणी खाली गेलं, गेलं... आणि थांबलं. मग वर यायला लागलं. एक बोट. दोन बोटं. करडं, साबणाचं. माझ्या कानांत त्या चाळीस बायांचा गलका सुरू झाला. मी ओटा घट्ट धरला. तो पाण्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"हिशमत, पाणी!"

"दिसतंय."

"तुम्ही बघत का नाही?"

"गाठ तुझी आहे, जोड माझा आहे. बघायचं काय त्यात?"

तुझी. तो 'तुझी' म्हणाला. मी ते नीट ऐकते न ऐकते तोच ओट्याखालून गडगड झालं, पाण्यानं मोठा घोट घेतला, आणि सगळं खाली गेलं. सिंकच्या तळाशी एक शेपूची काडी तेवढी गोल फिरत राहिली. मी डिशवॉशरचं दार उघडलं, डोळे मिटून. आत घाण पाण्याचा थेंब नाही, नुसती ऊब.

त्याच्या हातांकडे बघितलं. थरथरत नव्हते. माझेच थरथरत होते.

माझी लाज गेली नाही, हे सांगून ठेवते. त्या वाकातल्या पाण्यासारखी थोडी तिथंच आहे. कुठं आहे ते मला माहीत आहे. राहू दे.

"त्या दिवशी," मी म्हणाले, "तू पुढं काय बोलणार होतास? मला वाटतं, मी रोज इथं... पुढं?"

"रोज इथं सुरळ्या खाव्यात."

"एवढंच?"

"आणि सिंक तुंबलं तर..." तो कानांपर्यंत लाल झाला. "तर ते आपल्या दोघांचं तुंबावं."

मग एकदम ओट्याखाली शिरला, तोंड लपवायला. मीही वाकले, दिवा घेऊन. या वेळी दिवा सरळ त्याच्या तोंडावर धरला. तो काही म्हणाला नाही.

त्यानं माझी गाठ बोटानं चाचपली. "बरी आहे. पण एकच आहे. मी दोनदा बांधतो."

"मग दुसरी तू बांध."

त्यानं गुलाबी पट्टीची टोकं उचलली, माझ्या गाठीवर आपली गाठ मारली, आणि एकदाच ओढून बघितली. सोडली नाही.